हौदावरची माडी

नगर, ४ फेब्रुवारी १९७३

ती. दादा,

नमस्कार. एवढं लिहून बराच वेळ थांबले. तीन वर्षांत मी तुला एक ओळ पाठवलेली नाही, तेव्हा तुझ्या पत्राची वाट पाहते असं लिहिण्याचा मला अधिकार नाही. इकडे सगळं ठीक आहे असंही लिहिता येणार नाही. म्हणून थेट कामाचं लिहिते.

आपल्या विद्याविनोद वाचनालयाची स्मरणिका निघते आहे आणि इमारतीचा इतिहास लिहायचं ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे आलं. बरंचसं लिहून झालंय. निजामशाहीत शहराला खापरी नळांनी पाणी यायचं, तेव्हाचा हा हौद आणि त्याच्यावर सावलीसाठी बांधलेलं तीन कमानींचं दगडी दालन. इंग्रजी अमदानीत तिथे घोड्यांची खोगिरं पडलेली असायची, मग एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गासड्या. १९०९ मध्ये वाचनालय आलं. १९३१ मध्ये हौदाच्या तोंडावर शहाबादी फरशी टाकली, कारण गल्लीतल्या बायका पाण्याला यायच्या आणि वाचकांना त्रास व्हायचा. बाबा तेव्हा चिटणीस होते. आणि शेवटी १९५६, म्हणजे तू बांधलेली माडी. तिच्याबद्दल मला तपशील हवा आहे. तुळई कुठल्या लाकडाची? किती माणसं वर बसतील असा हिशेब तू धरला होतास? वाचकांना अशा गोष्टी आवडतात.

एक बातमी तुला पेपरातून कळली असेल. आम्ही हौद उघडला. पाऊस नाही म्हणून नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि मी रोज त्या फरशीवरून ये-जा करत होते. डिसेंबरच्या सभेत मीच म्हटलं, उचलून बघू या. अध्यक्ष आप्पासाहेब आधी हसले. पण फरशी उचलली तर खाली काळंभोर, थंड पाणी. कुठला तरी जुना नळ अजून झिरपतो आहे. उपसलं की सकाळपर्यंत पुन्हा भरतं. सगळी गल्ली येते. आप्पासाहेबांनी मला सभेत हार घातला. तो घेताना मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

त्यासाठी खालचं दालन मोकळं करावं लागलं. पुस्तकघर आता वर आहे.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर दे, छापखाना घाई करतो आहे.

बनू

ता. क. माडीवरच्या कार्डांच्या कपाटाचा खण हल्ली आपोआप पुढे सरकतो. बंद केला की पुन्हा सरकतो. लाकूड उन्हाने वाकलं असेल, नाही का?


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट मिळालं. अक्षर बघूनच मला कसंतरी झालं. बाबांचंच वळण आहे.

"दांडेलीचा साग, मी स्वतः वखारीत जाऊन निवडलेला. पन्नास माणसं बसून व्याख्यान ऐकतील या हिशेबाने." हे मी जसंच्या तसं छापणार आहे. खाली तू लिहिलंस, "इमारत पाडायची ठरली की मला कळव, इतिहास मग सावकाश लिहिता येईल." हे छापणार नाही.

तीन वर्षांनीही तू तिथेच उभा आहेस आणि मीही. तू सिमेंट-काँक्रीटच्या नव्या इमारतीचा नकाशा घेऊन आलास, मी साप्ताहिकात त्याच्याविरुद्ध लेख लिहिला, कमिटीने माझ्या बाजूने मत दिलं, आणि तू पानावर न बसता स्टँडवर गेलास. जाताना म्हणालास, "त्या दगडांवर तुझं प्रेम आहे, खाली बसणाऱ्या माणसांवर नाही." हे वाक्य मी माझ्या रोजनिशीत त्याच दिवशी लिहून ठेवलं. मधूनमधून वाचते. खरं आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, आता एक शंका. नुसती शंका आहे. समजा, पन्नास माणसांच्या हिशेबाच्या मजल्यावर माणसांऐवजी पुस्तकं ठेवली, तर? पुस्तकं काही उठून चालत नाहीत, एका जागी शांत असतात, म्हणजे त्रास कमीच, असं आमच्या इथे सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. आणि वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली असतील तर? समजा, बाबांच्या काळापासूनच्या सगळ्या?

खाली सकाळी उजाडल्यापासून रांग असते. ऊन लागू नये म्हणून ती दालनातच, भिंतीवरच्या तसबिरींखालून वळत जाते. गोजरबाई नावाची एक बाई आहे, कर्जत तालुक्यातल्या कुठल्या तरी वस्तीवरून जगायला शहरात आलेली. रांगेची ती मुकादमच झाली आहे. परवा तसबिरींकडे बघून मला म्हणाली, "हे समदे पागोटंवाले आमच्याकडं असं का बगत्यात? पानी त्यांच्या घरचं हाय व्हय?" मेहताब, आपल्या पिंजाऱ्याची सून, म्हणाली, "अगं, ते तुझ्याकडे नाही बघत, तुझ्या हंड्याकडे बघतायत. ते पण तहानेत." सगळी रांग हसली. चाळीस वर्षं या दालनात कुणी मोठ्याने हसलेलं नाही. भिंतीवर "शांतता राखा" अजून तसंच आहे.

मी हसले नाही, कारण मी वर बघत होते. हल्ली मी सारखी वर बघते.

बनू


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. "'समजा'ला इंजिनियरकडे उत्तर नसतं. काय आहे ते लिही." रागावून लिहिलं असशील, पण बरोबर लिहिलंस. मी घोळ घातला. त्यात किती दिवस गेले! रोजनिशीत माझ्या दोन्ही पत्रांची नक्कल आहे. ती वाचली आणि स्वतःची लाज वाटली. माणूस बुडत असताना किनाऱ्यावर उभं राहून पाण्याची खोली किती असावी बरं, असं विचारल्यासारखी ती पत्रं आहेत.

आता सरळ लिहिते.

हौद उघडायचा म्हणून खालची सगळी कपाटं, सगळे ग्रंथ आणि १९११ पासूनच्या सगळ्या फायली आम्ही माडीवर नेल्या. कपाटं भिंतीला लागली. फायलींना जागा उरली नाही, म्हणून त्या मधोमध रचल्या, माझ्या छातीएवढ्या उंच. कुठे, कशा रचायच्या हे मी सांगितलं. आपला शिपाई चांदभाई म्हणत होता, "बाई, थोडं जिन्यात ठेवू." मी म्हटलं, जिन्यात उंदीर लागतील. वाळवी, उंदीर, ओल, ऊन, यातून कागद कसा वाचवायचा हे मला झोपेतही सांगता येतं. कागदाला वजन असतं हे मला कधी सुचलंच नाही.

खण आपोआप सरकतो तो लाकूड वाकल्यामुळे नाही. मजला मध्ये झुकला आहे. माडीचं दार आता खाली घासतं. मोठ्या तुळईचं एक टोक भिंतीत जातं, तिथल्या गिलाव्याला केसाएवढी भेग होती, आता तिच्यात माझं नख जातं. रोज सकाळी खाली फरशीवर पांढरी भुकटी पडलेली असते. चांदभाई ती झाडतो आणि बायका त्याच जागी उभ्या राहतात. रांगेतल्या बायांना मी हे सांगितलेलं नाही. आप्पासाहेब म्हणतात, घबराट होईल. मीही ते मान्य करून बसले आहे.

मंगळवारी मी दालनाला कुलूप लावलं आणि पाटीवर "दुरुस्तीसाठी बंद" लिहिलं. गोजरबाई हंडा दारात आपटून उभी राहिली.

"काय दुरुस्त करताय? गवंडी कुटं हाय?"

मी म्हटलं, "बोलावलाय."

"कालपातूर पानी गोड हुतं, आज लगेच दुरुस्ती? बाई, तुमच्या पुस्तकाला तहान लागत न्हाई, आमच्या लेकरांना लागती."

मेहताब पुढे झाली. मग हळूच म्हणाली, "आपा, आमच्या सासूबाई सांगतात, त्या नव्या नवरी होत्या तेव्हा पण असंच झालं होतं. आधी दुरुस्ती म्हणाले. मग फरशी टाकली."

दादा, वरचा मजला पडेल म्हणावं, तर तो तुझा. तुझं नाव शहरात कसं घेतात तुला माहीत नाही. रंगनाथरावांची माडी, असं म्हणतात.

तेवढ्यात आप्पासाहेबांचा माणूस त्यांच्याकडची किल्ली घेऊन आला आणि दार उघडलं. मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते पान लावत होते.

"बनुताई, माडी कुणी बांधली?"

"दादांनी."

"मग? रंगनाथरावांचं काम. मी समोर उभा होतो, एकेक फळी वाजवून घेतली त्यांनी. आणि तुम्ही, त्यांच्या सख्ख्या बहीण, सांगता की पडेल?"

"वजन फार झालंय. निदान फायली तरी खाली काढू."

"खाली कुठे? रांगेत? सोमवारी मुंबईहून साहेब येतायत पाणी बघायला, फोटो काढणार. ते जाऊ देत." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, एकदा उघडलेलं पाणी आता बंद केलं, तर लोक म्हणतील वाचनालयवाल्यांनी पुन्हा झाकण घातलं. दगड येतील दगड. रंगनाथरावांची दोन ओळींची चिठ्ठी आणा. त्यांनी लिहिलं की धोका आहे, मी स्वतः कुलूप लावतो."

माणूस वाईट नाही. घाबरलेला आहे, आणि त्यांची भीती खोटी नाही. माझीही नाही.

तिथून तार ऑफिसात गेले. फॉर्म घेतला, पेन उघडलं आणि तशीच परत आले. तारेत काय लिहू? तुझी माडी पडते आहे? उघड्या कागदावर, तार मास्तरच्या डोळ्यांदेखत? तुला जपायचं म्हणून मी थांबले, असं मी स्वतःला सांगते. पण ते तुला जपणं होतं, की तू पुन्हा तुटशील याची मला भीती होती, हे मला नक्की माहीत नाही.

म्हणून हे पत्र. पोचताच दोन ओळी लिही, तारेनेच पाठव. तुझ्या कामाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. वजन आम्ही ठेवलं.

बनू


२८ फेब्रुवारी

दादा,

तुझी तार सोमवारी दुपारी आली. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

आधी हे वाच: कुणी मेलेलं नाही. गोजरबाईचा हंडा चेपून ताटासारखा सपाट झाला, मेहताबच्या पायाला फळीचा फटका बसला, माझं उजवं मनगट मुरगळलंय म्हणून अक्षर असं आहे. एवढंच.

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा दालन गच्च होतं. साहेब यायचे म्हणून आप्पासाहेबांनी निरोप पाठवून नेहमीपेक्षा जास्त बायका बोलावल्या होत्या, फोटोत रांग मोठी दिसावी म्हणून. दारावर आंब्याची पानं. चांदभाईने मला बाजूला घेतलं. त्याच्या तळहातावर गिलाव्याचा पापुद्रा होता, पुरीएवढा. "आत्ता पडला, बाई. कुणाच्या डोक्यात नाही पडला."

मी आत शिरले आणि म्हटलं, "सगळ्या बाहेर व्हा. मजला पडतोय." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पंचवीस वर्षं मी या दालनात हळू बोलत आले आहे. ओरडायला गेले आणि घशातून नुसती हवा आली.

गोजरबाईने ऐकलं. "आलं का पुन्यांदा? मागल्या बारीला गवंडी हुता, आज मजला! बाई, आज फोटू हाय, आज आमी हालत न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबाला दाखवायचं पानी येगळं आन् आमचं येगळं."

मी तिचा दंड धरला. तिने तो झटकला नाही, नुसता सोडवून घेतला आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. बरोबर तुळईखाली. तिच्या मागे मेहताब, तिच्या मागे एक पोटुशी बाई, जिचं नावसुद्धा मला माहीत नाही. आप्पासाहेब दाराशी हात जोडून माझ्याकडे बघत होते. गप्प राहा, असं ते हात म्हणत होते.

वर टकटक असा आवाज झाला. सुतारपक्षी करतो तसा. फक्त मी आणि चांदभाईने ऐकला, कारण आम्हीच ऐकायला उभे होतो.

मग मी जिना चढून वर गेले. का गेले हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. मी शूर नाही, दादा. मला एवढंच कळलं की या बायका माझ्या शब्दाने बाहेर जाणार नाहीत. आमच्या शब्दाने एकदा त्यांचं पाणी गेलेलं आहे. भिंतीला पाठ लावून, सरकत सरकत मी रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी गेले. फायलींच्या ढिगाची कड तिथून हाताला येत होती. वरची फाईल ओढली. १९३४. बाबांनी स्वतः खळ करून बांधलेली, पुठ्ठ्यावर त्यांचं अक्षर. ती मी खिडकीतून खाली टाकली.

रस्त्यावर धाडकन आवाज झाला. मग १९३५. मग हाताला येईल ती. पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून मी वर्गणीदारांचे हक्क महिनाभर बंद केलेले आहेत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तीच मी वरून फायली फेकते आहे, बांधणी फुटून कागद उडताहेत. पहिल्यांदा एक बाई बाहेर धावली. मग ओरडली, "अगं या गं! बाईला येड लागलं! बुकं फेकती!"

आणि रांग फुटली. पाण्याची रांग, दादा, जी कशानेही हलत नव्हती, ती तमाशा बघायला बाहेर धावली. मी खिडकीतून डोकी मोजल्यासारखं बघत होते आणि हात चालू होता. गोजरबाई सगळ्यात शेवटी आली. हंडा जागा राखायला आत ठेवून आली. वर बघून, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, काय आवदसा आठवली?"

मी म्हटलं, "आत कोण राहिलंय?" या वेळी आवाज आला.

"मेहताब हाय. तिचा पोहरा आत पडलाय."

मी तिला हाक मारली. चांदभाई आत धावला आणि तिला हाताला धरून ओढत दारापर्यंत आणलं, तेवढ्यात माझ्या पायाखालून मजला गेला. एकदम नाही गेला. मोठ्या आळसाने, एखादी म्हैस बसते तसा एका बाजूला बसला, आणि मग सगळ्या फायली, कपाटं, कार्डांचे खण घसरत त्या बाजूने खाली गेले. मी खिडकीच्या चौकटीला लटकले होते. माझ्याकडच्या दोन फळ्या भिंतीतच राहिल्या, त्यांच्यावर पायाची बोटं टेकत होती. धूळ खाली बसेपर्यंत मला काही दिसलं नाही. नुसतं पाण्यात काहीतरी पडल्याचे आवाज. हौदात पुस्तकं पडत होती.

चांदभाईने शिडी लावून मला उतरवलं. साहेब आले नाहीत. वाटेतूनच गाडी वळवली म्हणतात.

गोजरबाईने तो सपाट हंडा उचलून बघितला, उलटा केला, सुलटा केला. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि माझं मनगट तिच्या पदराने बांधलं. बांधून झाल्यावर एवढंच म्हणाली, "आदी सांगायचं की."

"सांगितलं होतं ना."

"तसं न्हाई. आदी. भेग पडली तवाच. आमाला."

तिचं म्हणणं खरं आहे. मी तुला कळवलं, तेही आडून आडून. आप्पासाहेबांना कळवलं. ज्यांच्या डोक्यावर ती होती, त्यांना नाही.

हात दुखतो. पुढचं नंतर लिहीन.

बनू


७ मार्च

दादा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जे उतरेल ते पाठवते.

तुझ्या तारेचा मराठीत अर्थ असा होतो: दालन ताबडतोब रिकामं कर, पश्चिमेच्या टोकाला टेकू लाव. माझ्या रोजनिशीत तुला लिहिलेल्या सगळ्या पत्रांच्या नकला आहेत. मी त्या पुन्हा वाचल्या. कुठलं टोक हे मी तुला कुठेच लिहिलेलं नाही. "एक टोक भिंतीत जातं, तिथे भेग आहे," एवढंच लिहिलं होतं.

काल शिडी लावून मी ते टोक होतं ती जागा बघितली. गिलावा सगळा गळून पडलाय. पूर्वेच्या भिंतीत तुळई हातभर आत गेलेली होती, खाच अजून तशीच आहे. पश्चिमेच्या भिंतीत ती जेमतेम वीतभर टेकलेली होती. तिच्या मागे लगेच तो कोनाडा आहे, कमळ कोरलेला, जिथे हौदाचा दिवा लावायचे. तो अभंग आहे. तुळई आत न्यायची तर तो फोडावा लागला असता.

मग मला आठवलं. छप्पन साल. तू आणि बाबा ओसरीवर. बाबा म्हणत होते, "त्या दगडाला हात लागणार नाही." तू म्हणालास, "मग मी हे काम करत नाही." आणि मग दोन दिवस तू घरात जेवला नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मी तेव्हा बाबांच्या बाजूने होते. कमळ वाचलं म्हणून मला आनंद झाला होता. त्याची किंमत कुठे भरली गेली, हे मी विचारलं नाही.

आता मला तुझा तो नकाशाही कळतो. आम्हाला वाटलं, तुला स्वतःच्या नावाची नवी इमारत हवी आहे. मी तसं छापलंसुद्धा. तू सगळं पाडा म्हणत होतास, कारण एक वीत तुला झोपू देत नव्हती, आणि ती वीत तुझ्या तोंडून निघत नव्हती. "खाली बसणाऱ्या माणसांवर तुझं प्रेम नाही," असं तू मला म्हणालास. मला वाटतं, ते तू अर्धं स्वतःशी बोलत होतास. चुकत असले तर तसं लिही.

इथे काय चाललंय ते ऐक. आप्पासाहेबांनी सगळीकडे सांगितलंय की निजामशाहीतली जुनी भिंत ढासळली, रंगनाथराव तीन वर्षांपूर्वीच सांगत होते, आपणच ऐकलं नाही. सगळ्यांना हे पटतंय. रविवारी, अकरा तारखेला सभा आहे. ठराव तयार आहे: जुनी इमारत पूर्ण पाडावी, हौद बुजवावा, रंगनाथरावांच्या जुन्या नकाशाप्रमाणे नवी इमारत बांधावी, खाली दुकानांचे गाळे. तुझ्या सत्काराचंही त्यात आहे. मी विरोध करणार नाही असं ते गृहीत धरून आहेत. माझी चूक तर दिसतेच आहे, फायली मीच वर रचल्या. आणि भाऊ माझा.

मी गप्प राहिले, तर तुझं नाव मोठं होतं, माझीही चूक जुन्या दगडांवर ढकलली जाते, आणि भांडण मिटतं. फक्त भिंत खोटी ठरते. ती भिंत हललेली नाही, दादा. तीन कमानी जशाच्या तशा आहेत. माडीचं छप्परही मागाहून उतरवावं लागलं, म्हणून आता बायका उन्हात उभ्या राहून पाणी काढतात. हौदातली पुस्तकं त्यांनीच पोहऱ्यांनी वर काढली, गल्लीतल्या दोऱ्यांवर वाळत घातली आहेत. पाणी अजून येतंय. हौद बुजवला, तर गोजरबाईला मी तिसऱ्यांदा काय सांगू? पुन्हा दुरुस्ती?

म्हणून मी सभेत बोलणार आहे. वजन मी ठेवलं हे आधी सांगेन. बाबांनी कोनाडा फोडू दिला नाही हे सांगेन. आणि ती वीत, ही तिसरी गोष्ट, सांगितल्याशिवाय पहिल्या दोन खऱ्या होत नाहीत, हे मी कितीही बाजूंनी तपासलं तरी तसंच राहतं. तुझ्या मागे तुझ्याबद्दल बोलायचं मला धैर्य नाही. तुला वाचवण्यासाठी खोटं बोलायचंही नाही. धैर्य दोन्हीकडे कमीच पडतंय.

आप्पासाहेबांनी काल गवंडी पाठवला होता, सभेला लोक येतील, भिंत बरी दिसावी म्हणून. चुना कालवून झाला होता. मी त्याला म्हटलं, आज नको. तो म्हणाला, "मग कवा?" मी म्हटलं, "माझा भाऊ यायचाय. त्याने बघितल्यावर."

दारात गोजरबाई नव्या हंड्यासह उभी होती. तिने विचारलं, "तेच का, माडीवाले? येनार हायेत?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही."

"आले तर सांगा त्यांना, आमी काय त्यास्नी खानार न्हाई. पानी पाजू."

तुझ्या धुळ्याहून गाडी पहाटे येते. स्वयंपाक मी करून ठेवीन. तू बोललास तर मी तुझ्यामागून बोलेन, तू नाही आलास तर एकटी. रविवारपर्यंत भिंत उघडी आहे.

बनू